ध्वनिकला व भूश्रवण : हिंगोली जिल्हा

ध्वनी हेच मुख्य माध्यम मानून केलेल्या दृश्येतर कलानिर्मितीस सामान्यतः ध्वनिकला असे म्हणतात. संगीतात स्वर, ताल व रचना यांस प्राधान्य असते. ध्वनिकलेत ध्वनी जेथे निर्माण होतो ती जागा, तो ऐकणारा माणूस व ऐकण्याची क्रिया यांस तितकेच महत्त्व असते. श्रोत्याची उपस्थिती वा हालचाल, किंवा वारा, पाऊस, भूकंप यांसारखे भोवतालचे बदल यांनुसार जिचा ध्वनी बदलत जातो, तिला प्रतिसादी ध्वनिकला म्हणता येईल. भूश्रवण म्हणजे भूपृष्ठाखालून येणारे ध्वनी व कंपने कानांनी किंवा उपकरणांच्या साहाय्याने ऐकणे. या दोहोंचा इतिहास अनेक ठिकाणी परस्परांत मिसळलेला आहे. महाराष्ट्रात त्याचा विचार करण्यास हिंगोली जिल्हा विशेष उपयुक्त ठरतो. कारण सामूहिक श्रवणाची सात शतकांची परंपरा, जमिनीखालून येणारे गूढ आवाज व विश्वातील अतिसूक्ष्म कंपने टिपण्यासाठी योजिलेली वेधशाळा या तिन्ही गोष्टी येथे एकाच भूमीवर आढळतात.

भूमी व परिसर : परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत व औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके होत. उत्तर सीमेवर पैनगंगा, मध्यभागातून कयाधू व दक्षिणेकडे पूर्णा या येथील प्रमुख नद्या. जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा असून हा खडक लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांनी बनलेला आहे. पूर्वेकडे या थरांची एकूण जाडी कमी होत जाते व त्यांखाली अतिप्राचीन ग्रॅनाइटी पाषाण आहे. खडकातील भेगांतून पावसाचे पाणी खोलवर मुरते. भूध्वनींच्या विवेचनात ही रचना लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

श्रवणाची जुनी परंपरा : संत नामदेव (१२७०–१३५०) यांच्या घराण्याचे मूळ गाव हिंगोली तालुक्यातील नरसी हे होय, अशी परंपरा असून त्यावरून ते नरसी नामदेव या नावाने ओळखले जाते. नामदेवांना विसोबा खेचरांचा उपदेश औंढा नागनाथ येथे झाला, असेही परंपरा सांगते. वारकरी कीर्तनात निरूपणकार एकटा बोलत नाही. त्याने उचललेले चरण टाळकरी झेलतात, मृदंगाचा ठेका त्यांना बांधून ठेवतो आणि नामगजराच्या वेळी समोरचा समुदायही गाऊ लागतो. श्रोते थकले, रंगले वा उठू लागले, तर कीर्तनकार लय व विषय बदलतो. श्रोत्याच्या प्रतिसादाने आकार घेणारा हा ध्वनिप्रयोग आजच्या प्रतिसादी कलेच्या कल्पनेहून फारसा दूर नाही. मात्र त्याचा हेतू कलेचा नसून भक्तीचा आहे, हा भेद विसरता येत नाही.

औंढा नागनाथ येथील मंदिराविषयीची आख्यायिका या संदर्भात उल्लेखनीय आहे. नामदेवांचे कीर्तन देवळासमोर चालले असता पूजेत व्यत्यय येतो म्हणून पुजाऱ्यांनी त्यांना तेथून उठविले. ते देवळामागे जाऊन कीर्तन करू लागले. तेव्हा देऊळच फिरून त्यांच्या सन्मुख झाले, अशी ती कथा आहे. नंदी मंदिराच्या मागील बाजूस असणे ही तिची खूण म्हणून भाविक दाखवितात. ऐतिहासिक घटना म्हणून या कथेची चिकित्सा करणे येथे अभिप्रेत नाही. तिच्यातील प्रश्न मात्र श्रवणाचाच आहे : एकाच आवाजाला पुजारी व्यत्यय मानतात आणि देव त्याच्याकडे तोंड करतो. कोणता आवाज गोंगाट व कोणता ऐकण्याजोगा, हे आवाजावर ठरत नसून ऐकणाऱ्यावर ठरते, हे या कथेचे मर्म होय. मंदिराचे ज्योतिर्लिंग तळघरासारख्या खोल व अरुंद गर्भगृहात आहे. अशा लहान, दगडी व बंदिस्त जागेत उच्चारलेला शब्द भिंतींवरून वारंवार परावर्तित होऊन घुमतो आणि ऐकणाऱ्यास स्थळाची जाणीव डोळ्यांआधी कानांनी होते.

बदलता ध्वनिपरिसर : एखाद्या प्रदेशात नित्य ऐकू येणाऱ्या सर्व आवाजांच्या समुच्चयास ध्वनिपरिसर म्हणता येईल. मराठवाड्यातील खेड्यांचा ध्वनिपरिसर विसाव्या शतकात पालटला. पहाटे जात्याची घरघर, विहिरीवरील मोटेच्या चाकाची कुरकुर, मोट हाकणाऱ्याची गाणी, बैलांच्या गळ्यांतील घुंगरे व कडब्याची सळसळ हे त्याचे जुने घटक होते. पूर्णा–हिंगोली हा मीटरमापी लोहमार्ग १९१२ मध्ये सुरू झाल्यावर त्यात आगगाडीच्या शिट्टीची भर पडली. पूर्णा नदीवर येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे झाल्यावर कालव्याचे पाणी आले. पुढे विजेचे पंप, पिठाच्या गिरण्या, कूपनलिका खोदणारी यंत्रे व मळणीयंत्रे आली. ज्वारी-कापसाच्या शेतांत सोयाबीन व हळद यांचे क्षेत्र वाढले, तशी पिकावर बसणारी पाखरे, राखणीच्या आरोळ्या व गोफणीचे आवाज यांतही बदल झाला.

आवाज नाहीसा झाला, की त्याच्या आधाराने जगणारी कलाही ओसरते. जात्याच्या फिरण्याची लय हाच ओवीचा आधार होता. गिरणी आल्यावर दळणाचे कष्ट वाचले, ही बायकांच्या दृष्टीने मोठीच सुटका होती. परंतु त्याबरोबर ओवी रचण्याचा प्रसंगही गेला. हेमा राईरकर व गी प्वातव्हाँ यांनी पुण्याहून चालविलेल्या उपक्रमात महाराष्ट्रातील लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या व त्यांपैकी अनेकींचे ध्वनिमुद्रणही झाले. साहित्य म्हणून या संग्रहाचे मोल आहेच. शिवाय एका लोपलेल्या ध्वनिपरिसराचा तो पुरावाही आहे.

ध्वनिकलेचा विकास : पाश्चात्त्य देशांत या कलेचा आरंभ सामान्यतः इटालियन चित्रकार लुईजी रुस्सोलो याने १९१३ मध्ये मांडलेल्या विचारापासून मानतात. यंत्रयुगातील गोंगाटालाही कलेत स्थान असावे, असे त्याचे म्हणणे होते. २९ ऑगस्ट १९५२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील वुडस्टॉक येथे पियानोवादक डेव्हिड ट्यूडर याने जॉन केज याची ४ मिनिटे ३३ सेकंदांची रचना सादर केली. तीत वादक एकही स्वर वाजवीत नाही. सभागृहात व बाहेर जे ऐकू येईल तेच संगीत. केजच्या या विचारामागे भारतीय प्रभावही होता. १९४६ मध्ये गीता साराभाई यांनी त्याला भारतीय संगीताचा परिचय करून दिला व संगीताचे प्रयोजन मन शांत करणे हे होय, ही पारंपरिक धारणा त्याने त्यांच्याकडून घेतली. पुढे १९६९ मध्ये ट्यूडर याच्याच साहाय्याने अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत इलेक्ट्रॉनिक संगीताचा कक्ष उभा राहिला. भारतातील अशा प्रकारच्या आरंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते.

कॅनडात रेमंड मरी शेफर याने सायमन फ्रेझर विद्यापीठात ध्वनिपरिसराच्या अभ्यासाचा प्रकल्प सुरू केला आणि १९७७ मध्ये त्यावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला. जुन्या खेड्यात दूरचा बारीक आवाजही स्पष्ट ऐकू येतो, तर शहरात आवाज परस्परांना झाकून टाकतात, हा त्याने केलेला भेद पर्यावरणविषयक विचारात रूढ झाला. त्याच वर्षी मॅक्स न्यूहाउस याने न्यूयॉर्कच्या टाइम्स चौकात पदपथाच्या जाळीखाली एक अखंड गुंजन बसविले. ते कोठून येते हे जाणाऱ्यायेणाऱ्यास कळत नसे. डेव्हिड रोकबी याने १९८० नंतरच्या दशकात कॅमेरा व संगणक यांच्या योगाने माणसाच्या हालचालीचे ध्वनीत रूपांतर करणारी रचना सिद्ध केली. तीमुळे श्रोता व कर्ता यांतील अंतर जवळजवळ नाहीसे झाले. महाराष्ट्रात मुंबईच्या शिल्पा गुप्ता (जन्म १९७६) यांनी टांगलेल्या ध्वनिग्राहकांतून आवाज ऐकविणाऱ्या रचना केल्या असून त्यांच्या २०१७-१८ मधील एका रचनेत विविध काळांत कारावास भोगलेल्या शंभर कवींचे शब्द शंभर ध्वनिग्राहकांतून उमटतात.

भूध्वनी व त्यांची कारणे : जमिनीखालून आवाज येण्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत. मेक्सिकोतील ग्वानाह्वातो या खाणींच्या नगरात जानेवारी १७८४ मध्ये कित्येक दिवस भूमिगत गडगडाट ऐकू आला व घाबरून लोक नगर सोडू लागले. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात मूडस या गावचे नावच तेथील आवाजांवरून पडले आहे. पूर्व बंगालच्या त्रिभुज प्रदेशातील ‘बरिसालच्या तोफा’ एकोणिसाव्या शतकात विद्वानांच्या चर्चेचा विषय झाल्या होत्या. महाराष्ट्रात कोयना धरणात १९६२ पासून पाणी साठू लागल्यावर परिसरात सुरुंगासारखे आवाज व लहान धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ रोजी तेथे मोठा भूकंप झाला.

अशा आवाजांचे स्पष्टीकरण अनेक ठिकाणी उथळ व सूक्ष्म भूकंपांत सापडते. भूकंप झाला की प्रथम प्राथमिक तरंग निघतात. खडकात त्यांचा वेग सेकंदास सु. ५ ते ६ किमी. असतो. त्यांमागून येणारे दुय्यम तरंग मंद, पण अधिक हादरविणारे असतात. प्राथमिक तरंग भूपृष्ठास पोहोचले, की जमीन मृदंगाच्या पुडीप्रमाणे कंप पावते आणि ते कंपन हवेत ध्वनिरूपाने उतरते. मनुष्यास सु. २० ते २०,००० हर्ट्‌झ कंप्रतेचे ध्वनी ऐकू येतात. खोल व दूरच्या भूकंपांतील उच्च कंप्रतेचे तरंग वाटेतच शोषले जातात. उगम एक-दोन किमी. खोलीवर असेल, तर मात्र ते पृष्ठभागापर्यंत टिकतात व ऐकू येतात. मूडस येथील आवाज अशाच उथळ सूक्ष्म भूकंपांचे आहेत, हे १९८० नंतरच्या दशकातील मापनांनी दाखवून दिले. ‘आधी आवाज आला, मग भांडी वाजली’ हा खेडुतांचा अनुभव म्हणूनच शास्त्राशी सुसंगत आहे. उगमाच्या अगदी जवळ असलेला कान, दूरवरच्या भूकंपलेखकास न कळणारा लहान धक्काही टिपू शकतो.

हिंगोली जिल्ह्यातील भूध्वनी : शेजारच्या नांदेड शहरात २००६ च्या अखेरीपासून काही वर्षे लहान भूकंपांची मालिका चालली व त्यांबरोबर जमिनीतून आवाज येत असल्याचे नागरिकांनी सांगितले. हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे, तसेच औंढा नागनाथ व कळमनुरी तालुक्यांतील काही गावांतून असे आवाज वारंवार ऐकू आल्याच्या वार्ता आल्या. आवाज झाला की लोक घराबाहेर धावतात. दगडमातीच्या जुन्या घरांत रात्री झोपण्याचे धाडस होत नाही. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी या भागात ४·५ व ३·६ महत्तेचे दोन धक्के थोड्या मिनिटांच्या अंतराने नोंदले गेले. १० जुलै २०२४ रोजी सकाळी पुन्हा ४·५ महत्तेचा धक्का बसला व तो नांदेड आणि परभणी जिल्ह्यांतही जाणवला. पावसाळ्यात भेगांतून मुरणारे पाणी खडकातील दाब बदलते व त्यामुळे असे लहान भूकंप संभवतात, असे एक मत अशा मालिकांच्या बाबतीत मांडले जाते.

या आवाजांबद्दलची भीती निव्वळ अज्ञानातून येते, असे म्हणता येणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सु. दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्याआधी १९९२ मध्ये तेथे लहान धक्क्यांची मालिका जाणवली होती. प्रत्येक मालिकेनंतर मोठा भूकंप होतोच असे नाही. बहुतेक मालिका आपोआप शमतात. परंतु मराठवाड्याच्या स्मरणात ती पहाट आहे आणि जमिनीचा आवाज ऐकणारा माणूस त्या स्मरणासह ऐकतो. संवेदन हे केवळ कानाचे कार्य नसून पूर्वानुभवाचेही असते, याचे हे ठळक उदाहरण होय. उपकरणाने नोंद न केल्यास ‘काही घडले नाही’ असे त्याला सांगणे शास्त्रदृष्ट्याही अपुरे आहे, हे वरील विवेचनावरून लक्षात येईल.

भूकंपतरंग व कला : भूकंपतरंगांची कंप्रता बहुधा श्रवणमर्यादेच्या खाली असते; मुद्रण अनेक पट वेगाने वाजविले, तर ते ऐकू येतात. अमेरिकन भूकंपशास्त्रज्ञ ह्यूगो बेनिऑफ याच्या अशा मुद्रणांची ध्वनिमुद्रिका १९५३ मध्ये निघाली. १९६१ मध्ये शेरिडन स्पीथ याने वेग वाढविलेली मुद्रणे ऐकवून, भूकंप व भूमिगत स्फोट यांतील फरक श्रोत्यांना कानांनी ओळखता येतो, असे प्रयोगाने दाखविले. अणुचाचण्यांवर नजर ठेवण्याच्या प्रश्नामुळे या प्रयोगास त्या काळी व्यावहारिक महत्त्व होते.

कलावंतांनी हीच पद्धत पुढे नेली. केन गोल्डबर्ग व त्याच्या सहकाऱ्यांच्या १९९९ मधील रचनेत कॅलिफोर्नियातील हेवर्ड विभंगाजवळच्या भूकंपमापकाची कंपने संगणकजालाने येऊन तत्क्षणी ध्वनिरूप घेतात. संगीतकार जॉन लूथर ॲडम्स याने २००६ मध्ये अलास्कातील फेअरबँक्स येथील संग्रहालयात एक दालन सिद्ध केले. सूर्य-चंद्राची स्थिती, भूचुंबकीय क्षोभ व भूकंप यांच्या चालू नोंदींवरून तेथील ध्वनी व प्रकाश बदलत राहतात. ब्राझीलमधील इन्योतिम येथे डग एट्‌कन याने २००९ मध्ये सु. २०० मी. खोल विवरात ध्वनिग्राहक सोडून पृथ्वीच्या पोटातील आवाज वरच्या काचेच्या मंडपात ऐकविले. या रचनांमुळे अदृश्य व मंद बदलांची इंद्रियगोचर जाणीव होते. त्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. किती पट वेग घ्यावा, कोणती कंप्रता गाळावी, कोणता स्वर योजावा हे कलावंत ठरवितो. त्यामुळे ऐकू येणारा ध्वनी हा निसर्गाचा साक्षात आवाज नसून त्याचे एक वाचन असते.

गुरुत्वीय तरंगांची वेधशाळा : अमेरिकेतील दोन लायगो वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणातून निघालेले गुरुत्वीय तरंग प्रथमच टिपले. त्या संकेताची कंप्रता सु. ३५ हर्ट्‌झपासून २५० हर्ट्‌झपर्यंत सेकंदाच्या अल्पांशात चढत गेली. ही कंप्रता मानवी श्रवणमर्यादेत येत असल्याने तो संकेत ध्वनिरूपात वाजविता आला. पाखराच्या एका चिवचिवाटासारखा तो भासतो. हा शोध ११ फेब्रुवारी २०१६ रोजी जाहीर झाला व १७ फेब्रुवारीस भारत शासनाने लायगो-इंडिया प्रकल्पास तत्त्वतः मान्यता दिली. त्यासाठी औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा परिसराची निवड झाली आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रु. खर्चाच्या योजनेस मंजुरी मिळाली. पुण्याचे आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र, इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र व गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था या तिच्या सहभागी संस्था होत.

अशा वेधशाळेत परस्परांशी काटकोनात असलेल्या प्रत्येकी ४ किमी. लांबीच्या दोन निर्वात नळ्या असतात व त्यांच्या टोकांशी टांगलेल्या आरशांमधून लेसर किरण ये-जा करतात. मोजावयाचे अंतर प्रोटॉनाच्या व्यासाच्या सहस्रांशाहूनही कमी असते. एवढ्या सूक्ष्म मापनात आगगाडी, रहदारी, वारा, एवढेच काय पण दूर समुद्रावरील लाटांनी जमिनीत उठणारी कंपने हाही गोंगाटच ठरतो. हॅनफर्ड येथील वेधशाळेत २०१७ मध्ये आढळलेल्या अनाकलनीय संकेतांचे मूळ शोधता, तहानलेले डोमकावळे थंड नळीवरील बर्फ टोचीत असल्याचे तेथील ध्वनिग्राहकांमुळे उघड झाले. मोठ्या भूकंपाने मापन काही काळ खंडित होते. म्हणून शांत भूमी ही या विज्ञानाची साधनसंपत्ती होय व हिंगोलीच्या ग्रामीण परिसराकडे ती या दृष्टीने पाहिली गेली.

समालोचन : वरील विवेचनातून एक गोष्ट स्पष्ट होते. एकाच तालुक्यातील जमिनीचे एक कंपन ग्रामस्थास भयसूचना असते, भूकंपशास्त्रज्ञास माहिती असते, वेधशाळेस अडथळा असतो आणि ध्वनिकलावंतास सामग्री असते. गोंगाट ही वस्तूची जात नसून श्रोत्याने केलेली निवड आहे. औंढ्याच्या आख्यायिकेने हेच भक्तीच्या परिभाषेत सांगितले होते.

या निवडीचे परिणाम सामाजिक असतात. वेधशाळेच्या संकेतासाठी कोट्यवधी रुपयांची उपकरणे उभी राहतात. पांगरा शिंदे येथील आवाजाची साक्ष मात्र बहुधा वार्ताहराच्या टिपणापुरतीच उरते. आवाज कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोणत्या दिशेने आला व त्यानंतर हादरा बसला की नाही, एवढी नोंद गावच्या शाळेत वा ग्रामपंचायतीत नियमाने ठेवली गेली, तर ती भूकंपलेखकाच्या नोंदीस पूरक ठरेल. प्रतिसादी ध्वनिकलेचे कार्यही येथे संभवते. सूक्ष्म धक्क्यांची मुद्रणे लोकांना ऐकविल्यास लहान व मोठा, जवळचा व दूरचा धक्का यांतील फरक कानांस परिचित होईल. त्यायोगे भूकंप टळणार नाही व त्याचे भाकितही करता येणार नाही. घरे मजबूत करण्यास तर पर्यायच नाही. परंतु अनोळखी आवाजाची भीती ओळखीच्या आवाजाच्या सावधपणात पालटू शकते. समुदायाने एकत्र बसून ऐकणे व ऐकलेल्याला प्रतिसाद देणे ही रीत या जिल्ह्यास नवी नाही.